एकाच ज्वारीचे दोन घास: स्टार्च आणि सेल्युलोज

आमच्या पेठेतल्या देवळाबाहेर रोज सकाळी एक मावशी गाय घेऊन बसतात. पुढ्यात चाऱ्याच्या पेंढ्या रचलेल्या असतात. येणारा-जाणारा पैसे देतो, एक पेंढी उचलून गाईच्या तोंडापुढे धरतो, नमस्कार करून पुढे जातो. उन्हाळ्यात हिरवा चारा महागला की त्यात कडबाही दिसू लागतो. मागच्या अमावास्येला मी घरून चार भाकऱ्या नेल्या होत्या. मावशींनी अर्धी ठेवून घेतली आणि बाकीच्या माझ्याच हातात परत दिल्या. म्हणाल्या, "एवढी बास, ताई. आज सगळेच आणतात. जास्ती झाली की पोट फुगतं तिचं."

भाकरी ज्वारीची आणि कडबाही ज्वारीचाच. कणीस माणसाने घेतलं, धाट गाईने. दाण्यात भरलेला असतो तो मुख्यतः स्टार्च आणि धाटात मोठा वाटा सेल्युलोजचा. अकरावीच्या वर्गात विचारलं की पोरं घडाघडा सांगतात: दोन्ही बहुशर्करा, दोन्ही ग्लुकोजच्या, स्टार्च अन्न साठवतो, सेल्युलोज पेशीची भिंत बांधतं. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. पण मूळ माल एकच असताना एकाची भाकरी होते आणि दुसऱ्याचा दोर, हे असं का, इथे सगळे गप्प होतात. मला हा प्रश्न जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर प्रश्नांपैकी एक वाटतो.

दोन्ही महारेणू आहेत. म्हणजे एकेक लहान रेणू जोडत जोडत शेकड्यांनी, हजारांनी झालेल्या साखळ्या. प्रथिनांत अमिनो आम्लांची साखळी, डीएनएत न्यूक्लिओटाइडांची, आणि इथे ग्लुकोजची. साखळीत अडकताना प्रत्येक ग्लुकोजमागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. उरतात सहा कार्बन, दहा हायड्रोजन, पाच ऑक्सिजन. स्टार्चमध्ये हाच हिशेब, सेल्युलोजमध्येही हाच. नुसत्या सूत्रावरून दोघांना वेगळं ओळखणं अशक्य.

जुन्या रसायनशास्त्रज्ञांनाही हे कोडं पडलं होतं. १८११ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये किरखॉफने स्टार्च आम्लात उकळून त्याची साखर केली. १८१९ साली फ्रान्समध्ये ब्राकोनोने कापडाच्या चिंध्यांवर गंधकाम्ल घालून तीच साखर काढली. चिंध्यांची साखर! पुढे आन्सेल्म पायेन या फ्रेंच माणसाच्या हाती दोन्ही टोकं लागली: १८३३ साली सहकारी पेर्सोबरोबर त्याने मोड आलेल्या जवातून स्टार्च फोडणारं विकर (एन्झाइम) वेगळं केलं, आणि १८३८ साली लाकडातून सेल्युलोज ओळखलं. तरी हे पदार्थ म्हणजे लांबच लांब साखळ्या आहेत ही कल्पना स्टाउडिंगरने १९२० साली मांडली तेव्हा बऱ्याच जणांना ती पटेना. १९५३ साली त्याला त्याच कामासाठी नोबेल मिळालं.

आता खरा फरक. ग्लुकोजचा रेणू म्हणजे एक कडं. त्याच्या पहिल्या कार्बनवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा हात एक तर कड्याच्या खालच्या बाजूला असतो, नाहीतर वरच्या. खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. पाण्यात सुटं असताना ग्लुकोज कधी अल्फा, कधी बीटा असं आपणहून बदलत राहतं. साखळीत जोडलं गेलं की मात्र जे रूप असेल ते पक्कं. जोड होतो तो एकाचा पहिला कार्बन आणि शेजाऱ्याचा चौथा कार्बन यांत, आणि चौथ्याचा हात नेहमी खालीच. अल्फामध्ये दोन्ही हात खाली, त्यामुळे सगळी कडी एकाच तोंडाने ओळीत जोडली जातात. बीटामध्ये एकाचा हात वर आणि शेजाऱ्याचा खाली. जुळायचं तर शेजाऱ्याने उलटं व्हायला हवं. म्हणून सेल्युलोजमध्ये दर दुसरं कडं पालथं असतं.

मंडईत फुलवाल्या बायका बसतात, त्यांच्या हातांकडे एकदा बघा. सुईने हार ओवताना सगळी फुलं एकाच तोंडाने जातात. गजरा बांधताना मात्र मोगऱ्याच्या कळ्यांची एक जोडी या बाजूला तोंड करून, पुढची त्या बाजूला, आणि मध्ये दोऱ्याचा वेढा. मोगरा तोच, पण हार लोंबतो आणि गजरा ताठ राहतो. ही उपमा ताणायची नाही, पण मुलांच्या डोक्यात फरक बसतो तो याच चित्राने.

एका तोंडाने जोडलेली अल्फाची साखळी वळत जाते. तिचं स्प्रिंगसारखं वेटोळं होतं, एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज. हे झालं स्टार्चमधलं अमायलोज. त्याच्यासोबत असतं अमायलोपेक्टिन, ज्याला साधारण दर चोवीस ते तीस ग्लुकोजमागे फांदी फुटते. नेहमीच्या स्टार्चमध्ये तेच तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं. शिजलेला भात मोकळा होणार की चिकट, हे बरंचसं या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. गरम पाणी मिळालं की स्टार्चचे कण फुगतात, फुटतात, चिकट होतात. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापायची तर बायका पिठात उकळतं पाणी ओततात. तिथे पीठ धरून ठेवतो तो हाच फुगलेला स्टार्च. भाकरी थंड झाली की त्याच साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ सरकतात आणि भाकरी कडक होते. त्यातला थोडा भाग तर आपल्या विकरांनाही लवकर फुटत नाही.

बीटाची साखळी वळत नाही. ती सरळ राहते, आणि अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी पडून हायड्रोजन बंधांनी एकमेकींना चिकटतात. त्यांच्या जुड्या होतात, जुड्यांचे तंतू होतात. कापूस म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास सेल्युलोजच. कापूस पाणी पितो, पण विरघळत नाही. ओला झाला की उलट अधिक चिवट होतो. नोटांचा कागद कापसाचा असतो, म्हणून खिशात विसरलेली नोट धुण्यातून बहुधा शाबूत निघते. त्याच खिशातल्या मूठभर चुरमुऱ्यांचा मात्र लगदा होतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून सुती कापडाच्या तुकड्यांचा कागद होतो, तो याच तंतूंच्या जोरावर: कापड कुटून तंतू सुटे करायचे, पाण्यात पसरायचे, वाळवायचे.

आयोडीनच्या चाचणीत मुलं हमखास फसतात, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. स्टार्चवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो, कारण आयोडीन त्या वेटोळ्याच्या पोकळीत शिरून बसतं. तो द्रव तापवा, वेटोळं सैल होतं, रंग जातो. गार करा, परत येतो. सेल्युलोजला पोकळीच नाही, त्यामुळे आयोडीन आपल्या पिवळट-तपकिरी रंगातच राहतं. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने घरी जखमेच्या आयोडीनचा थेंब छपाईच्या कागदावर टाकला आणि डाग झाला निळा-काळा. दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊनच वर्गात आला. "मॅडम, कागद म्हणजे सेल्युलोज ना? मग हे काय?" शंका अगदी रास्त होती. छपाईच्या कागदावर शाई फुटू नये म्हणून कारखान्यात स्टार्चचा लेप देतात. रंग आला तो त्या लेपाला. मग आम्ही औषधाच्या दुकानातला कापूस घेतला, थेंब टाकला, आणि तो पिवळट-तपकिरीच राहिला.

हा लेप आपल्या घरातही होता. माझी आजी पेजेची खळ करून सुती नऊवारीला द्यायची. वाळल्यावर पातळ असं कडक व्हायचं की घडी मोडताना आवाज यायचा. सुताच्या सेल्युलोजवर भाताचा स्टार्च, ग्लुकोजच ग्लुकोजला धरून बसलेलं. पुढच्या धुण्यात पाणी खळ घेऊन जायचं आणि लुगडं मागे राहायचं. एकाच बादलीत दोघांचा स्वभाव दिसतो.

आता पोटाकडे. घास बराच वेळ चावला की भाकरी गोडसर लागते, कारण लाळेतलं अमायलेज अल्फा जोड तोडायला तोंडातच सुरुवात करतं. पण विकर फार काटेकोर असतं. बीटा जोड त्याच्या खाचेत बसतच नाही. बीटा जोड तोडणारं सेल्युलेज आपलं शरीर बनवत नाही, म्हणून पालेभाजीतलं, कोंड्यातलं सेल्युलोज चोथा म्हणून पुढे सरकतं. पोट साफ राहायला त्याचा उपयोग आहे, पण आपल्याला त्यातून साखर मिळत नाही.

गाईचं काय? तीही स्वतः सेल्युलेज बनवत नाही. हे ऐकून दरवर्षी वर्ग चमकतो. तिच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी सगळ्यात मोठ्या कप्प्यात जिवाणू, आदिजीव आणि बुरशी असतात, सेल्युलेज त्यांचं. मोठ्या गाईचा हा कप्पा शंभर लिटरहून अधिक मावेल एवढा असतो. तिथे कडबा सावकाश कुजवला जातो, त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी लहान आम्लं तयार होतात, आणि गाय मुख्यतः त्यांच्यावर जगते. चाऱ्याला रवंथ लागतो, रवंथाबरोबर भरपूर लाळ सुटते, आणि लाळेतला सोडा ते आम्ल आटोक्यात ठेवतो.

या व्यवस्थेत एकदम खूप स्टार्च गेला की घडी विस्कटते. शिजलेला भात, पोळ्या, भाकऱ्या जिवाणू भराभर फोडतात, लॅक्टिक आम्ल साचतं. अशा अन्नाला रवंथ फारसा लागत नाही, म्हणून लाळही कमी. कप्प्यातले चांगले जिवाणू मरू लागतात, गाय खाणं सोडते, अंग टाकते, जीवही जाऊ शकतो. लग्नकार्यात उरलेला भात पातेलंभर गाईपुढे ओतणारे लोक मनाने चांगलेच असतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. मला ते फार लागतं, कारण यातली प्रत्येक गाय वाचण्यासारखी असते.

म्हणून गाईला घास द्यायचाच तर पेंढी घ्या. पोळी-भाकरी द्यायची तर चतकोर, तीही ती जिची गाय आहे तिला विचारून. आणि भरपूर धान्य किंवा शिजलेलं अन्न खाऊन गाय रवंथ करायची थांबली, डाव्या कुशीत फुगलेली दिसली, तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. मावशी आता मला लांबून बघूनच एक पेंढी बाजूला काढून ठेवतात.