बदललेला खुबा निखळतो तेव्हा

खुब्याचा सांधा बदलला म्हणजे सुटलो असं घरात सगळ्यांना वाटत असतं, आणि मग एक दिवस पेशंट बुटक्या सोफ्यावर बसल्या बसल्या खाली पडलेला रिमोट उचलायला वाकतो आणि खट्कन आवाज. पाय आखूड दिसतो, आत वळलेला, हलवायची सोय नाही. मांडीच्या हाडात ठोकलेल्या दांड्याच्या टोकावरचा बॉल, कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीतून मागे निसटलाय.

पहिल्या वेळी बहुतेकदा कापत नाहीत, भूल देऊन पाय ओढून बॉल परत बसवतात. पण सारखंच निखळायला लागलं की रिव्हिजन, म्हणजे केलेल्या ऑपरेशनचं परत ऑपरेशन. तेव्हा आधी शोधावं लागतं की ते का निसटतंय.

संशय पहिला वाटीवर. १९७८ मध्ये अमेरिकेत ल्युइनेक वगैरे डॉक्टरांनी माप दिलं, वाटी ४० अंश कललेली, तोंड १५ अंश पुढे, दोन्हीत १० अंश इकडेतिकडे चालेल. बरीच वर्षं सगळे हेच धरून चालले, पण या मापात चोख बसलेल्या वाट्यांमधूनही बॉल निघतातच की! कारण आपण बसतो तेव्हा कमरेचं हाड मागे कलतं, त्याच्यासोबत वाटीचं तोंड पुढे उघडतं आणि मांडीला वर यायला जागा मिळते. पाठीचे मणके स्क्रू लावून जखडलेले असले तर हे कलणं होतच नाही, इम्प्लांटची मान, म्हणजे बॉलच्या खालचा दांड्याचा बारीक भाग, वाटीच्या पुढच्या कडेवर टेकते आणि बॉल मागून उचकटला जातो. दुखणं खुब्याचं, भानगड पाठीची.

दुसरी गोष्ट बॉलचा साइज. इंग्लंडात सर्जन चार्नलींनी १९६० च्या दशकात घर्षण कमी व्हावं म्हणून मुद्दाम जेमतेम २२ मिलिमीटरचा बॉल वापरला होता, आता ३२ किंवा ३६ चा सर्रास टाकतात, कारण मोठ्या बॉलला कड ओलांडायला जास्त अंतर सरकावं लागतं. फ्रान्सचे सर्जन बूस्के यांनी १९७० च्या दशकात वेगळीच शक्कल काढली, छोटा बॉल प्लास्टिकच्या मोठ्या बॉलमध्ये आणि तो मोठा बॉल वाटीत फिरता. वारंवार निखळणाऱ्या खुब्यात आजही हा ड्युअल मोबिलिटी कप लावतात.

नुसता बॉल आणि लायनर, म्हणजे वाटीच्या आतलं अस्तर, बदलून भागलं तर नशीब. वाटीच काढायची तर गंमत अशी की ती जितकी घट्ट बसलेली तितकी डोकेदुखी, कारण तिच्या खरबरीत पाठीत हाड वाढून शिरलेलं असतं, मग वाकड्या पात्याने कडेकडेने सोडवायची, हाड शक्य तितकं वाचवत. मांडीतला दांडाही हट्टाला पेटला तर हाडाला चक्क लांब खिडकी कापतात, दांडा काढून नवा लांब दांडा खालच्या चांगल्या हाडात रुतवतात आणि खिडकी तारांनी आवळून बंद करतात. नंतरच्या एक्सरेत मांडीभोवती गोल गोल कडी दिसतात ना, त्या ह्याच तारा.