कुत्र्या-मांजरांना मालकाचं आजारपण आधीच कळतं?

घरातलं कुत्रं अचानक अंगाला चिकटून बसायला लागलं, की ‘त्याला आजाराची चाहूल लागली’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतातच. यात तथ्य आहे, पण सांगतात तेवढं नाही. सहाव्या इंद्रियाचा तर संबंधच नाही. जे आहे ते नाकात.

१९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं. एका बाईचं कुत्रं तिच्या पायावरचा एकच डाग सारखं हुंगायचं, अगदी पँटवरूनसुद्धा. एकदा तर ते तो चावून काढायला धावलं. तपासणीत तो त्वचेचा कर्करोग निघाला. किस्सा खरा, पण एकाच कुत्र्याचा.

रीतसर चाचणी २००४ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली: दर वेळी लघवीचे सात नमुने, त्यातला एक मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा. सहा कुत्र्यांनी ५४ पैकी २२ वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे ४१ टक्के. निव्वळ नशिबावर सोडलं असतं तर १४ टक्के आले असते. नाक तेज आहे, वादच नाही. पण सात महिने शिकवूनही निम्म्याहून जास्त वेळा चूक! मग न शिकवलेल्या मोतीकडून निदानाची अपेक्षा कशी करायची? तो निवांत झोपलाय म्हणून अंगावरची गाठ दाखवायची टाळणं तर त्याहून वाईट.

मांजराचं आणखी सोपं आहे. आजारी माणूस दिवसभर अंथरुणात, त्यात अंग तापलेलं. मांजराला ऊबच हवी असते. आणि ते कुशीत येऊन बसलं, पण पुढे काहीच झालं नाही, असे दिवस लक्षात कोण ठेवतो?