एका फोटोचे हजार डॉलर

मार्क गेटी हे अमेरिकी तेलसम्राट जे. पॉल गेटी यांचे नातू. बौद्धिक संपदा हे एकविसाव्या शतकातले तेल आहे, हे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे, आणि ते त्यांनी नुसते बोलून सोडले नाही. १९९५ मध्ये जोनाथन क्लाइन यांच्यासोबत लंडनमध्ये कंपनी काढून (तीच पुढे गेटी इमेजेस झाली) त्यांनी फोटोसंस्था एकामागून एक विकत घेतल्या. बिल गेट्स यांची १९८९ ची कॉर्बिस हेच करत होती. छोट्या-छोट्या संग्रहांत विखुरलेला स्टॉक फोटोंचा, म्हणजे तयार फोटो पैसे घेऊन वापरायला देण्याचा, हा धंदा काही वर्षांतच मोजक्या कंपन्यांच्या हाती गेला.

छापील जमान्यात फोटो कुणी फुकट वापरला हे सापडणे नशिबावर होते. वेबमुळे चोरी सोपी झाली, पण पकडणेही सोपे झाले, आणि ही दुसरी बाजू बहुतेकांच्या लक्षात उशिरा आली. २००२ मध्ये इस्रायलमध्ये निघालेल्या पिकस्काउटने चित्राची ‘बोटांचे ठसे’ घेतल्यासारखी ओळख पटवणारी यंत्रणा तयार केली. कापलेला, लहान केलेला, रंग बदललेला फोटोही ती ओळखे. गेटी इमेजेसने २०११ मध्ये ही कंपनीच विकत घेतली.

त्याआधीच, साधारण २००५ नंतर, फोटोसंस्थांची मागणीची पत्रे सुटू लागली होती. ती जात दंतवैद्यांना, प्लंबरना, सामान हलवणाऱ्या कंपन्यांना, चर्चला. मजकूर ठरलेला: अमुक पानावरचा फोटो आमच्या संग्रहातला आहे, परवान्याची नोंद सापडत नाही, फोटो काढा आणि हजाराच्या आसपास डॉलर भरा. नुसता फोटो काढून सुटका नव्हती. बऱ्याच मालकांनी तो फोटो कधी निवडलेलाही नसे. साइट बनवून देणाऱ्याने किंवा विकत घेतलेल्या टेम्प्लेटने तो आत आणलेला असे. पण अमेरिकी कायद्यात उल्लंघन ठरवताना हेतू पाहत नाहीत. साइट पुण्यात बनली आणि दुकान न्यू जर्सीत असले, तरी नोटीस दुकानाच्या मालकालाच जाते.

परवाना घेतला असता तर कित्येकदा काही डझन डॉलरांत काम झाले असते. मग हजार कुठून आले? १९७६ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्याचे कलम ५०४ सांगते की प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही प्रत्येक कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर भरपाई मागता येते. हेतुपुरस्सर उल्लंघन असेल तर १,५०,००० पर्यंत. पत्रात हा शेवटचा आकडा दिसला की हजार डॉलर स्वस्त वाटू लागतात. त्यात वकिलाची फी धरा. लढण्याचा खर्च मागणीपेक्षा जास्त, एवढ्या एका हिशेबावर हा सगळा व्यवहार उभा होता. माझ्या मते पत्रातली रक्कम फोटोच्या किमतीवरून ठरतच नव्हती, समोरच्याच्या भीतीवरून ठरत होती.

प्रतिकार सुरू झाला तो पत्रे एकमेकांना दाखवण्यापासून. २००८ मध्ये जॉर्जिया राज्यातील मॅथ्यू चॅन या छोट्या व्यावसायिकाने, स्वतःला असे पत्र आल्यावर, अशा मागण्यांची माहिती उघडपणे गोळा करायला सुरुवात केली. न्यूयॉर्कचे वकील ऑस्कर मिशेलेन त्याच्या जोडीला आले. पुढे आपली कविता वापरणाऱ्यांकडून अशीच वसुली करणाऱ्या एका कवयित्रीशी चॅनचा वाद पेटला आणि तिने न्यायालयातून त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. मार्च २०१५ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

या मंडळींनी लोकांना शिकवलेली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे त्याच अमेरिकी कायद्याचे कलम ४१२. उल्लंघन सुरू होण्याआधी किंवा प्रकाशनानंतर तीन महिन्यांत कॉपीराइटची नोंदणी झालेली नसेल, तर ती ७५० ते १,५०,००० ची भरपाई मिळत नाही आणि वकिलाची फीही मिळत नाही. उरते ते प्रत्यक्ष नुकसान, म्हणजे बहुधा परवान्याची बाजारभावाची रक्कम. त्यामुळे पत्राला उत्तर देणारे आता विचारू लागले: नोंदणी क्रमांक काय? या फोटोचे हक्क तुमच्याकडे आहेत याचा करार दाखवाल का? आकडा कसा काढला? कित्येक पत्रांत यातले काहीच नसे.

हक्क नेमके कुणाचे, हा प्रश्न २०११ मध्ये लास व्हेगासला मोठ्या प्रमाणावर गाजला. राइटहेवन नावाची कंपनी वृत्तपत्रांच्या मजकुरावरून आणि छायाचित्रांवरून ब्लॉगचालकांवर दावे लावत होती. ती थेट दीड लाख डॉलर आणि वर साइटचे नावही मागे. वृत्तपत्राने तिला खऱ्या अर्थाने हक्क दिलेलेच नाहीत, फक्त दावा लावण्याची मुभा दिली आहे, हे करारातून उघड झाले. न्यायमूर्ती रॉजर हंट यांनी जूनमध्ये तिला दावा लावण्याचा अधिकारच नाही असा निकाल दिला. कंपनी त्यातून सावरली नाही, शेवटी तिच्या स्वतःच्या साइटचे नाव लिलावात गेले.

सर्वांत चमत्कारिक प्रकरण कॅरल हायस्मिथ यांचे. या छायाचित्रकर्तीने आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाला, जनतेच्या वापरासाठी दिलेले. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्याच संस्थेला, त्यांनीच काढलेल्या फोटोसाठी, अलामी या फोटोसंस्थेच्या वतीने १२० डॉलरची मागणी आली. त्यांनी २०१६ मध्ये गेटी, अलामी आणि इतरांवर एक अब्ज डॉलरचा दावा लावला. ऐकायला जोरदार, पण टिकला नाही. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याखालचे दावे फेटाळले गेले आणि उरलेले आपसात मिटले. सार्वजनिक मालकीचे फोटो विकायला कायद्याची आडकाठी नाही, ही गेटीची भूमिका होती.

गेटीने मार्च २०१४ मध्ये साडेतीन कोटी फोटो वेबपानात फुकट बसवण्याची सोय दिली, पण ती बिनव्यापारी वापरासाठी, म्हणजे दुकानदाराच्या उपयोगाची नाही. पुढे पत्रे पाठवण्याचे काम वेगळ्या कंपन्यांकडे आणि वकिलांकडे गेले: बर्लिनची कॉपीट्रॅक, पिक्सी, वृत्तसंस्थांसाठी काम करणारी पिकराइट्स. न्यूयॉर्कचे वकील रिचर्ड लीबोविट्झ यांनी तर हजाराहून अधिक दावे लावले. एका छोट्या कलाकार-व्यवस्थापन कंपनीने त्यांना टक्कर दिली, तेव्हा दावा लावताना फोटोची नोंदणी झालेलीच नव्हती हे बाहेर आले. जून २०२० मध्ये न्यायमूर्ती जेसी फर्मन यांनी त्यांना एक लाख तीन हजार डॉलरहून अधिक दंड केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या त्या फेडरल न्यायालयात वकिली करण्यास त्यांना तात्पुरती मनाई झाली.

छायाचित्रकाराची बाजू खोटी नाही. एकट्याने काम करणाऱ्याचा फोटो शंभर ठिकाणी फुकट वापरला जातो आणि प्रत्येकावर फेडरल न्यायालयात दावा लावणे त्याला परवडत नाही. यासाठीच जून २०२२ मध्ये अमेरिकेत छोट्या दाव्यांसाठी कॉपीराइट क्लेम्स बोर्ड सुरू झाले. तिथे एकूण मागणीला ३०,००० डॉलरची मर्यादा आहे. प्रतिवादी मात्र ६० दिवसांत अंग काढून घेऊ शकतो, आणि मग वादीला पुन्हा त्या महागड्या न्यायालयाचाच रस्ता उरतो.

भारताचा १९५७ चा कायदा या बाबतीत वेगळा आहे. इथे ठरावीक आकड्यांची भरपाई नाही, आणि आपण उल्लंघन करतो आहोत याची जाणीव नव्हती व तसे समजायला वाजवी कारणही नव्हते असे प्रतिवादीने सिद्ध केले, तर कलम ५५ खाली वादीला मनाई हुकूम आणि नफ्याची सगळी किंवा काही रक्कम एवढेच मिळू शकते. कलम ६० त्याहून पुढे जाते: बिनबुडाची धमकी आलेला माणूस स्वतः न्यायालयात जाऊन, आपण उल्लंघन केलेले नाही अशी घोषणा, धमक्या थांबवण्याचा हुकूम आणि नुकसानभरपाई मागू शकतो. धमकी देणाऱ्याने दिरंगाई न करता खरोखर दावा लावून चालवला, तर मात्र हे कलम लागू होत नाही.