फेडरल न्यायाधीशाला कुणीच काढू शकत नाही?

अमेरिकेतला फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयातला न्यायाधीश एकदा खुर्चीवर बसला की मरेपर्यंत त्याला कुणी हात लावू शकत नाही, ही समजूत जुनी आहे आणि अर्धवट खरी आहे. आपल्याकडे हायकोर्टाचा न्यायाधीश ६२व्या वर्षी निवृत्त होतो, तिथे वयाची अट नाही, एवढं खरं. पण तिथली राज्यघटना पद देते ते ‘वर्तन चांगलं असेपर्यंत’. महाभियोग चालवून आजवर ८ फेडरल न्यायाधीशांना घरी पाठवलंय.

त्यातले अल्सी हेस्टिंग्ज बघा. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेले, फ्लोरिडातले पहिले कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश. दीड लाख डॉलरच्या लाचेच्या कटाचा आरोप झाला, पण १९८३ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. सुटले म्हणायचं? छे! फौजदारी खटला वेगळा, महाभियोग वेगळा. १९८८ मध्ये प्रतिनिधिगृहाने ४१३ विरुद्ध ३ मतांनी महाभियोग मंजूर केला आणि १९८९ मध्ये सिनेटने त्यांना पदावरून काढलं.

खरी गंमत पुढेच. पुन्हा पद घेण्यावर बंदी घालायची तर सिनेटला वेगळं मतदान करावं लागतं. ते झालंच नाही. १९९२ मध्ये हेस्टिंग्ज निवडणूक जिंकले आणि ज्या सभागृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला होता, त्याच सभागृहात सदस्य म्हणून जाऊन बसले. २०२१ मध्ये निधन होईपर्यंत ते तिथेच होते.

म्हणजे तहहयात टिकली ती निवडून आलेली खुर्ची!