फेनाकिस्टिस्कोप

फेनाकिस्टिस्कोप : चित्रे हलती दाखवणारी फिरती चकती. तिच्या कडेला समान अंतरावर अरुंद फटी असतात व वर्तुळात एकाच क्रियेच्या क्रमवार अवस्था रेखाटलेल्या असतात. चित्रांची बाजू आरशाकडे करून चकती फिरवीत मागून फटींतून पाहिले, की प्रतिबिंबातील आकृती हालचाल करताना दिसतात.

या शोधाच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. बेल्जियन भौतिकीविज्ञ झोझेफ प्लातो यांनी २० जानेवारी १८३३ च्या पत्रात या चकतीचे वर्णन केले. व्हिएन्नाचे गणितज्ञ झिमोन श्टाम्फर यांनी इंग्रज भौतिकीविज्ञ मायकेल फॅराडे यांचा फिरत्या चाकांच्या दृष्टिभ्रमावरील निबंध वाचून डिसेंबर १८३२ मध्ये प्रयोग आरंभल्याचे नमूद केले असून त्यांना ७ मे १८३३ रोजी विशेषाधिकार (पेटंट) मिळाला. छापील पुराव्यापुरते प्लातो यांचे पारडे जड असले, तरी दोघांना ही कल्पना स्वतंत्रपणे व जवळजवळ एकाच वेळी सुचली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इराणमधील शहर-ए-सुख्तेह येथील बकरीची क्रमवार चित्रे असलेल्या प्राचीन मृत्पात्राला या उपकरणांचे पूर्वज म्हणणे मात्र ओढूनताणून केल्यासारखे आहे.

फटी नसतील तर फिरती चित्रे एकमेकांत मिसळून नुसता पट्टा दिसतो. फटीमुळे प्रत्येक चित्र क्षणभरच दिसते. चित्रे व फटी सारख्याच संख्येने असल्यास आकृती जागच्या जागी हालते, अन्यथा ती पुढे किंवा मागे सरकत जाते.

याचे कारण म्हणून दीर्घकाळ दृष्टिसातत्य, म्हणजे पाहिलेली प्रतिमा डोळ्यात क्षणभर टिकून राहणे, सांगितले जाई. परंतु आधीची प्रतिमा दृष्टिपटलावर टिकून राहिली, तर पुढची तिच्यावर चढून चित्र धूसर होईल, गती दिसणार नाही. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्ये दोन रेषा आळीपाळीने दाखवल्या, तेव्हा सुमारे ६० मिलिसेकंदांच्या अंतराने एकच रेषा सरकल्याचा भास झाला. अंतर फार कमी केल्यास दोन्ही रेषा एकदम, तर फार वाढविल्यास एकीमागून एक दिसल्या. म्हणजे गती मेंदूत जुळते.

आत चित्रांची पट्टी असलेले फटींचे फिरते नळकांडे म्हणजे झोएट्रोप (१८३४) व आरसे वापरणारा प्रॅक्सिनोस्कोप (१८७७) ही पुढची रूपे होत.

चकतीवरील क्रिया फिरून आरंभापाशीच येते. फिल्मच्या पट्टीला हे बंधन नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अवधीने टिपली. १९१३ मध्ये त्यांनी आपला व्यवसाय मुंबईहून नाशिकला हलविला. त्यानंतर, साधारणपणे १९१५ च्या सुमारास, ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्या किंचित हलवून एकेक चौकट चित्रित करण्याची पद्धत वापरली. हा लघुपट आज उपलब्ध नाही.