झांग वेइलीचा चोक आणि मेंदूचे सात सेकंद

13 एप्रिल 2024 रोजी लास व्हेगास येथे झालेल्या ‘यूएफसी 300’ या, मिश्र युद्धकलेच्या (ठोसे, लाथा, कुस्ती आणि पकडी असे सारे चालणाऱ्या खेळाच्या) लढतींच्या कार्यक्रमात झांग वेइली आणि यान शाओनान या दोन चिनी महिला अष्टकोनी पिंजऱ्यात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. यूएफसीच्या विजेतेपदासाठी दोन चिनी खेळाडूंनी आपसांत लढण्याची ती पहिलीच वेळ होती. पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी झांगने पाठीमागून यानच्या गळ्याभोवती हात आवळला, ज्याला या खेळात ‘चोक’ म्हणतात, आणि फेरी संपल्याचा भोंगा वाजून पकड सुटली तेव्हा यान मॅटवर निपचित पडलेली दिसली. काही सेकंदांत ती सावरली आणि उरलेल्या चारही फेऱ्या लढली. निकाल मात्र एकमताने झांगच्या बाजूने लागला.

त्या प्रसंगाची चित्रफीत पाहणारे बहुतेक लोक असे धरून चालतात की यानचा श्वास कोंडला आणि म्हणून तिची शुद्ध हरपली. हा समज इतका सार्वत्रिक आहे की वृत्तपत्रांतील खेळाच्या पानांवरही ‘श्वास रोखून पराभूत केले’ अशी वाक्ये सर्रास छापली जातात. परंतु साधा विचार केला तरी हे स्पष्टीकरण टिकत नाही. विहिरीत बुडी मारणारे शाळकरी पोर अर्धा-पाऊण मिनिट सहज श्वास रोखून धरते आणि हसत वर येते. मग व्यायामाने कसलेली, फुप्फुसांची क्षमता कमावलेली खेळाडू सात-आठ सेकंदांत कशी गळून पडेल? या प्रश्नाचे उत्तर शरीरक्रियाशास्त्रातील एका अतिशय सुंदर हिशेबात आहे, आणि झांगच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना मला सर्वाधिक ओढ त्याच हिशेबाची आहे.

आधी झांगविषयी. ती चीनच्या हबेई प्रांतातील हानदानची. तिचे वडील कोळशाच्या खाणीत काम करीत. लहानपणी ती चिनी पारंपरिक कुस्ती, म्हणजे शुआय ज्याओ, शिकली आणि पुढे ठोसे, लाथा व पछाड यांचा मिलाफ असलेल्या सान्दा या प्रकाराकडे वळली. पाठीच्या दुखापतीमुळे खेळ सुटल्यावर ती बीजिंगला आली आणि तेथे तिने बालवाडीत शिक्षिका, सुरक्षारक्षक, व्यायामशाळेतील स्वागतकक्ष अशा नोकऱ्या केल्या. त्या व्यायामशाळेतच तिची गाठ मिश्र युद्धकलेशी पडली. 2013 मध्ये व्यावसायिक कारकिर्दीतील पहिलीच लढत ती हरली, आणि त्यानंतर तिने सलग 21 लढती जिंकल्या. ऑगस्ट 2018 मध्ये ती यूएफसीत उतरली. 31 ऑगस्ट 2019 रोजी शेन्झेन येथे तिने ब्राझीलच्या जेसिका आंद्राजेला अवघ्या 42 सेकंदांत नमवून स्ट्रॉवेट गटाचे, म्हणजे 115 पौंड किंवा सुमारे 52 किलो वजनगटाचे, विजेतेपद मिळवले. यूएफसीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली चिनी खेळाडू ठरली.

शुआय ज्याओमध्ये प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाडले की गुण मिळतो आणि दोघे पुन्हा उभे राहतात. आपल्या तांबड्या मातीतील कुस्तीत खालची झटापट बरीच असते, पण गळा आवळणे नियमात बसत नाही. म्हणजे झांगला लहानपणी जे शिकवले गेले त्यात चोकला जागाच नव्हती; ही विद्या तिला मोठेपणी, जुजुत्सू या जमिनीवरील पकडींच्या कलेच्या सरावातून, वेगळी कमवावी लागली. 12 नोव्हेंबर 2022 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिने 2021 मध्ये गमावलेले विजेतेपद कार्ला एस्पार्झाकडून परत मिळवले ते ठोशांनी नव्हे तर दुसऱ्या फेरीत लावलेल्या याच पकडीने, जिला खेळाडू ‘रिअर नेकेड चोक’ म्हणतात.

या पकडीत पाठीमागचा खेळाडू आपला एक हात पुढच्याच्या गळ्याभोवती असा घालतो की कोपराची खोबण बरोबर श्वासनलिकेसमोर येते. त्यामुळे श्वासनलिकेवर फारसा दाब पडत नाही. एका बाजूला दंडाचा स्नायू आणि दुसऱ्या बाजूला मनगटाकडचे हाड यांच्यामध्ये मान अडकित्त्याच्या दोन पात्यांत सापडलेल्या सुपारीसारखी दोन्ही बाजूंनी दाबली जाते. दुसरा हात डोक्यामागे जाऊन ही पकड बंद करतो. मानेच्या या दोन बाजूंना, त्वचेखाली बोटाने ठोका जाणवावा इतक्या उथळ जागी, कॅरोटिड धमन्या असतात, आणि मेंदूला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे 70 ते 80 टक्के रक्त या दोन धमन्यांतून जाते. उरलेले रक्त मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर चढणाऱ्या व्हर्टेब्रल धमन्या नेतात. हाडांच्या आत सुरक्षित असल्यामुळे त्या सहजासहजी दबत नाहीत. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत यासंबंधी ढोबळ आकडे दिलेले असतात: मानेतील जुग्युलर नीला (मेंदूकडून रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या) बंद व्हायला सुमारे 2 किलो, कॅरोटिड धमन्या बंद व्हायला सुमारे 5 किलो आणि श्वासनलिका चेपली जायला सुमारे 15 किलो भाराचा दाब लागतो. श्वास अडवण्यापेक्षा रक्त अडवणे किती सोपे आहे, हे या आकड्यांवरूनच लक्षात यावे.

आता वेळेचा हिशेब. श्वास रोखला तरी हृदय चालू असते आणि शरीरातील साठा मेंदूपर्यंत पोहोचत राहतो. सुमारे 5 लिटर रक्तात साधारण 1 लिटरच्या आसपास ऑक्सिजन असतो, फुप्फुसांतील हवेत आणखी थोडा असतो, आणि विश्रांतीच्या स्थितीत सगळ्या शरीराला मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर ऑक्सिजन पुरतो. म्हणून मिनिटभर श्वास रोखता येतो, आणि नंतर जी घालमेल होते तीसुद्धा मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. चोकमध्ये मात्र हा सगळा साठा शरीरात शाबूत असून मेंदूला त्याचा उपयोग नसतो, कारण मधला रस्ताच बंद झालेला असतो. मेंदूपाशी उरते ते फक्त त्या क्षणी त्याच्या रक्तवाहिन्यांत असलेले रक्त. सुमारे 1400 ग्रॅम वजनाच्या मेंदूत कोणत्याही क्षणी ढोबळमानाने 60 मिलिलिटर रक्त असते. धमनीतील रक्तात लिटरमागे सुमारे 200 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, मेंदूतून परतणाऱ्या रक्तात त्याहून बराच कमी. सरासरी 150 धरली तर मेंदूच्या हाताशी उरलेला ऑक्सिजन होतो जेमतेम 9 मिलिलिटर. शरीराच्या वजनाच्या 2 टक्के असलेला हा अवयव शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी 20 टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर, म्हणजेच सेकंदाला 0.8 मिलिलिटरहून थोडा अधिक, वापरतो. भागाकार केला तर उत्तर 11 सेकंदांच्या आसपास येते. आणि रक्तातील शेवटचा थेंबभर ऑक्सिजन पेशींना ओढून घेता येत नाही, हे लक्षात घेतले तर ते आणखी खाली उतरते.

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. 1943 मध्ये अमेरिकी संशोधकांनी मानेभोवती फुगवता येणारा पट्टा बांधून निरोगी तरुणांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद थांबवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आजची कोणतीही नीतिसमिती असल्या प्रयोगांना परवानगी देणार नाही, पण त्यातून मिळालेला आकडा आजही पाठ्यपुस्तकांत आहे: शुद्ध हरपायला सरासरी सहा ते सात सेकंद.

येथे चौकस वाचक विचारील की व्हर्टेब्रल धमन्या उघड्याच आहेत, मग त्यांतून येणाऱ्या 20-25 टक्के रक्तावर मेंदू जागा का राहत नाही? याचे उत्तर मेंदूच्या दोन वेगवेगळ्या उंबरठ्यांत आहे. सामान्यतः 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त मिळते. ते 20 च्या खाली गेले की चेतापेशींचे परस्परांना विद्युत्-रासायनिक संदेश पाठवणे थांबू लागते. मेंदूच्या विद्युत् आलेखावर आधी संथ, मोठ्या लाटा दिसतात आणि मग रेषा सपाट होत जाते. परंतु पेशी अजून जिवंत असतात. पेशीच्या पटलातून सोडियम बाहेर व पोटॅशियम आत ढकलणारे पंप, ज्यांच्यावर पेशीचे अस्तित्वच अवलंबून असते, ते रक्तपुरवठा साधारण 10 च्या खाली जाईपर्यंत तग धरतात. 50 चे 20-25 टक्के म्हणजे 10 ते 12. म्हणजे दोन्ही कॅरोटिड बंद झाल्यावर मेंदूचा मोठा भाग या दोन उंबरठ्यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात येऊन थांबतो, जेथे काम बंद पडलेले असते आणि पंप मात्र कसेबसे चालू असतात. प्रत्यक्षात हे चित्र इतके नेटके नसते, कारण मेंदूच्या तळाशी या चारही धमन्यांना जोडणारे रक्तवाहिन्यांचे कडे सर्वांत सारखे नसते, पुढच्या भागाला पुरवठा कमी आणि मागच्या भागाला जास्त होतो, आणि जुग्युलर नीला आधीच दबलेल्या असल्याने परतणारे रक्त तुंबून वरचा दाब वाढतो व प्रवाह आणखी मंदावतो. तरीही चोक सुटल्यावर खेळाडू दहा-पंधरा सेकंदांत उठून ‘काय झाले?’ असे विचारतो, याचे रहस्य या मधल्या पट्ट्यात आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या असे डॉक्टर जे कळवळून सांगतात, तेही याचसाठी: गुठळीभोवतीचा बराचसा मेंदू काही काळ याच अवस्थेत, बंद पण जिवंत, असतो.

चोकसंबंधी एक भाबडी कल्पना आपल्याकडे आणि चीनमध्येही फार प्रिय आहे, ती म्हणजे मानेतील एखादे गुप्त मर्मस्थान बोटाने दाबून समोरच्याला बेशुद्ध पाडणारे गुरू. कॅरोटिड जेथे दुभागते तेथे रक्तदाब जोखणारे संवेदक असतात आणि त्यांवर दाब पडल्यास हृदयाचे ठोके मंदावू शकतात, एवढे खरे. पण त्यापलीकडचा ‘ची’ नावाच्या कथित प्राणशक्तीचा आणि स्पर्शाविना माणसे लोळवण्याचा पसारा ही निव्वळ बतावणी आहे. 2017 मध्ये चीनमधीलच मिश्र युद्धकलेचा लढवय्या शू शाओदोंग याने स्वतःला ताय ची गुरू म्हणवणाऱ्या वेइ लेइ याला छंदू येथे काही सेकंदांत जमीनदोस्त केले, तेव्हा तिकडे संतापाची लाट उसळली ती गुरूविरुद्ध नसून शूविरुद्ध. झांगच्या यशाचे श्रेय ‘प्राचीन पौर्वात्य रहस्यां’ना देणारे लेख मी वाचले आहेत, कोपराची खोबण, 5 किलो दाब आणि सात सेकंद यांहून अधिक रहस्यमय असे त्यात काहीही नाही.

ठोसा किंवा लाथ लागून शुद्ध हरपणे ही मात्र सर्वस्वी निराळी घटना आहे. 24 एप्रिल 2021 रोजी रोझ नामायुनसची लाथ झांगच्या डोक्यावर बसली आणि लढत 78 सेकंदांत संपली. तेथे सात सेकंदांची वाटही पाहावी लागली नाही. डोके झटक्यात फिरते तेव्हा कवटीतील मऊ मेंदू जडत्वामुळे मागे राहतो, त्याच्या थरांत ताण निर्माण होतो आणि चेतातंतू ओढले जातात. पोटॅशियम पेशींबाहेर वाहू लागते व पंपांना ती गळती निस्तरावी लागते. जून 2022 मध्ये सिंगापूर येथे झांगने योआना येन्जेयचिकला ज्या गिरकी घेऊन मारलेल्या उलट्या ठोशाने खाली पाडले, त्यातही सगळ्या शरीराच्या फिरण्याचा वेग हाताच्या लांबीमुळे मुठीपाशी कितीतरी वाढलेला होता. या दोघींची मार्च 2020 मधील पहिली लढत योआनाच्या कपाळावर आलेल्या प्रचंड सुजेमुळे लोकांच्या लक्षात राहिली, पण ती सूज कवटीबाहेर, त्वचेखालच्या सैल थरात साचलेल्या रक्ताची होती. दिसायला ती भयंकर असली तरी मेंदूच्या दृष्टीने खरी चिंता न दिसणाऱ्या गोष्टींची असते.

म्हणून चोक निरुपद्रवी आहे असा अर्थ कोणी काढू नये. मानेवरील दाबाने धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून तेथे गुठळी होऊ शकते आणि तरुण माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. रक्त चार-पाच मिनिटे पूर्ण अडले तर मेंदूची हानी कायमची असते. पिंजऱ्यात पंच हातभर अंतरावर उभा असतो आणि खेळाडू प्रतिस्पर्ध्याला थोपटून हार मान्य करू शकतो. वसतिगृहांत आणि शाळांच्या मागे गंमत म्हणून एकमेकांचे गळे दाबणाऱ्या मुलांना यांपैकी काहीच उपलब्ध नसते, आणि अशा खेळात जगभर मुले दगावलेली आहेत.

यानविरुद्धच्या लढतीनंतर फेब्रुवारी 2025 मध्ये झांगने सिडनी येथे तोवर अपराजित असलेल्या तातियाना सुआरेझला नमवले. सुआरेझ ही मूळची कुस्तीपटू, त्यामुळे तिची जमिनीवरची पकड झांगला जड जाईल असा अनेकांचा अंदाज होता, तो चुकला. पुढे झांगने स्ट्रॉवेटचे विजेतेपद सोडून दिले आणि 15 नोव्हेंबर 2025 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच 125 पौंडांच्या गटातील विजेती व्हॅलेंटिना शेव्हचेन्कोला आव्हान दिले. त्या रात्री मूळच्या वरच्या वजनगटातील आणि पकडीत मुरलेल्या शेव्हचेन्कोसमोर झांगला पाच फेऱ्यांत चोक लावता आला नाही, आणि निकाल एकमताने तिच्या विरुद्ध गेला.