दुष्काळाची नोंद समुद्राच्या गाळात : सोलापूरच्या पावसाचा मागोवा अरबी समुद्राच्या तळापर्यंत कसा पोचला

सोलापूर जिल्ह्यात दुष्काळाची आठवण दामाजीपंतांपर्यंत मागे जाते. मंगळवेढ्याची बादशाही कोठारं उपाशी लोकांसाठी खुली करणाऱ्या या कारभाऱ्याची कथा पंधराव्या शतकातली मानतात. ती कीर्तनांतून आणि अभंगांतून टिकली. त्यानंतरची डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे शहराजवळचा एकरुखचा, आपल्या तोंडी असलेला हिप्परग्याचा तलाव. तो १८७१च्या सुमारास पुरा झाला. १८७५ साली देशाचं हवामान खातं स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी दख्खनचा पाऊस फसला. १८७६ ते १८७८चा तो महादुष्काळ सोलापूर, अहमदनगर, विजापूर या पट्ट्याने फार सोसला. पर्जन्यमापकाची भरवशाची सलग नोंद साधारण या काळापासून मिळते, म्हणजे जेमतेम दीडशे वर्षांची. दामाजीपंतांच्या काळात पाऊस किती पडत होता, त्याआधीच्या हजार किंवा पाच हजार वर्षांत काय होतं, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेलं नाही.

त्या काळाची एक नोंद सापडली ओमानच्या किनाऱ्यापुढे, शेकडो मीटर पाण्याखालच्या गाळात. ती ठेवली आहे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या कवचांनी. ही नोंद वाचायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली. कवचं सापडणं सोपं होतं. तळाशी पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही समुद्र त्यांच्यात किती फेरफार करतो हे समजायला वेळ गेला. सांगण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे.

प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे जीव. त्यांतले काही अंगाभोवती कवच बांधतात. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव आणि कोकोलिथ नावाच्या बारीक चकत्या धारण करणारी शेवाळं कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुन्याचं कवच करतात. डायटम आणि रेडिओलेरिया सिलिकाचं, म्हणजे काचेच्या जातीचं. जीव मेला की कवच खाली जातं. फोरॅमिनिफेराचं वाळूच्या कणाएवढं कवच काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत तळ गाठतं. कोकोलिथ इतके बारीक, की एकेकटे सुटले तर कित्येक वर्षं लोंबकळत राहतील. पण त्यांना खाणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांत बांधले गेले की तेही झपाट्याने उतरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकण्यासाठी खोली मोजायला सुरुवात झाली, तेव्हा दोरीच्या टोकाला चिकटून वर आलेल्या चिखलात ही कवचं प्रथम मोठ्या संख्येने दिसली. लगेच वाद सुरू झाला. ग्लोबिजेरिना नावाचा हा फोरॅमिनिफेरा तळावरच राहतो की पृष्ठभागावरून खाली पडतो? दोन्ही बाजूंना नामवंत होते. निकाल लागला तो ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीत. डिसेंबर १८७२ मध्ये इंग्लंडहून निघालेलं हे जहाज मे १८७६ मध्ये परतलं, म्हणजे दख्खनचा पाऊस फसण्याच्या काही आठवडे आधी. जहाजावरच्या जॉन मरे यांनी पृष्ठभागालगत बारीक जाळी ओढली, आणि तळाच्या गाळातली तीच कवचं त्यांना वर जिवंत सापडली.

त्यातून दुसरं कोडं उभं राहिलं आणि मला ते पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं. उबदार समुद्रात वर हे जीव जवळपास सगळीकडे मिळत होते. खाली मात्र फार खोल जागी त्यांचा पत्ता नव्हता. तिथे नुसती तांबूस माती होती. मरे आणि त्यांचे सहकारी रेनार यांनी १८९१ साली सागरी गाळावरचा मोठा अहवाल काढला. समुद्रतळाचे पट्टे त्यात मांडले आहेत: मध्यम खोलीवर ग्लोबिजेरिनाचा गाळ, अतिखोल भागात लाल माती, दक्षिण महासागरात डायटमचा गाळ, प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागात रेडिओलेरियाचा. कवचं वाटेत किंवा तळावर विरघळतात, हा निष्कर्ष तेव्हाच निघाला होता.

का विरघळतात? खोल पाणी थंड असतं, त्याच्यावर प्रचंड दाब असतो, आणि वरून पडलेला जैव कचरा तिथे कुजत असल्याने त्यात कार्बन डायऑक्साइड साठतो. तिन्ही गोष्टी चुन्याला मारक. उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेलं पाणी तळातळाने फिरत उत्तर प्रशांत महासागरात पोचायला हजारभर वर्षं घेतं आणि वाटेत अधिकाधिक आम्लधर्मी होत जातं. म्हणून अटलांटिकमध्ये साधारण पाच किलोमीटर खोलीपर्यंत चुन्याची कवचं टिकतात. प्रशांतमध्ये बऱ्याच ठिकाणी सव्वाचार-साडेचार किलोमीटरलाच ती संपतात. सारख्या खोलीवरच्या दोन जागांचा गाळ पाण्याच्या वयामुळे वेगळा होतो.

याचा प्रत्यक्ष प्रयोग १९६०च्या दशकात झाला. मेल्विन पीटरसन यांनी प्रशांत महासागरात लांब दोरावर वेगवेगळ्या खोलीला कॅल्साइटच्या गुळगुळीत गोळ्या टांगून ठेवल्या आणि काही महिन्यांनी वर काढून वजन केलं. पावणेचार किलोमीटरच्या आसपासपर्यंत झीज किरकोळ. त्याखाली ती एकदम वाढलेली. त्याच दोरावर वोल्फगांग बर्गर यांनी फोरॅमिनिफेराची कवचं ठेवली होती. पातळ भिंतीच्या जाती आधी गेल्या, जाड भिंतीच्या मागे राहिल्या. हा निकाल फार महत्त्वाचा ठरला. गाळात जाड कवचांची जात जास्त मिळाली, तर ती जात वर जास्त होती की बाकीच्या विरघळून गेल्या, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी आजही मोजणी करताना अख्ख्या कवचांबरोबर तुकडेही मोजतात. तुकडे वाढले की विरघळणं वाढलं असं समजतात.

सिलिकाची तऱ्हा निराळी. समुद्राच्या पाण्यात सिलिका सगळ्याच खोलीवर कमी पडते, त्यामुळे डायटमची कवचं वरपासूनच विरघळत जातात. जिथे त्यांचं पीक अफाट येतं, तिथेच तळावर काही उरतं.

आता अरबी समुद्राकडे येऊ. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. कमी आणि लहरी पावसात ज्वारी कशी तगवायची, जमिनीतली ओल कशी धरून ठेवायची, हा त्याचा विषय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘मबाहिथ’ हे इजिप्तचं जहाज अरबी समुद्राच्या पाहणीला निघालं. खर्च जॉन मरे यांच्या नावे ठेवलेल्या निधीतून झाला आणि मोहिमेचं नेतृत्व भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक राहिलेले सेमूर सेवेल यांच्याकडे होतं. मधल्या खोलीवर या समुद्रात प्राणवायू जवळपास नाहीच, हे त्या सफरीत स्पष्ट झालं. ओमानच्या उतारावरून हिरवट, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल वर आला, त्यात जिवंत प्राणी जवळजवळ नव्हते. सोलापूरच्या केंद्राचा आणि त्या हिरव्या चिखलाचा विषय एकच आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

संबंध वाऱ्यामुळे आहे. जूनपासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून एक जोरदार झोत उत्तरेला वळतो आणि अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो. १९६९ साली हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी त्याचं नीट वर्णन केलं. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. हाच वारा पश्चिम घाटावर बाष्प आणून टाकतो. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहताना तो आणखी एक काम करतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून आत ढकललं जातं, आणि त्याच्या जागी खालचं थंड, नायट्रेट-फॉस्फेटने भरलेलं पाणी वर येतं. प्लवकांना त्या चार महिन्यांत जेवणावळच मिळते.

या काळात फोफावणारी एक जात म्हणजे ग्लोबिजेरिना बुलॉइडिस. मूळची ही थंड समुद्रातली. उष्ण कटिबंधात ती मोठ्या संख्येने तिथेच मिळते जिथे थंड पाणी वर येतं. म्हणजे ओमानच्या गाळात बुलॉइडिसचं प्रमाण वाढलं तर त्या काळी नैर्ऋत्य वारा जोरात होता, असा तर्क बांधता येतो. वॉरन प्रेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हे सूत्र पक्कं केलं. १९८६पासून गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बर्ग विद्यापीठ यांनी मिळून अरबी समुद्रात खोलवर नरसाळ्यासारखे सापळे सोडले. वरून पडणारा माल त्यांत पंधरवड्या-महिन्याच्या हिशोबाने वेगवेगळ्या डब्यांत जमा होत गेला. आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली मांडलेला निष्कर्ष सरळ होता: तळाकडे जाणारा हा कवचांचा आणि कणांचा पाऊस मान्सूनच्या तालावर कमी-जास्त होतो. कवचांचा गाळ हा वर्षभराची सरासरी सांगत नाही, भरभराटीच्या हंगामाची बाजू जास्त सांगतो, हे त्यातून कळलं.

१९८७ साली खोल समुद्रात खोदाई करणारं जहाज ओमानच्या किनाऱ्यापुढे आलं. जागा विचारपूर्वक निवडल्या होत्या. समुद्राखालची ओवेन पर्वतरांग तळापासून इतकी उंच, की सिंधू नदीचा गढूळ लोंढा तिच्यावर चढत नाही आणि चुना विरघळण्याच्या पातळीच्याही ती वर राहते. किनाऱ्याजवळच्या उतारावर गाळ भराभर साचतो. याचं महत्त्व हिशोबाने बघा. खोल समुद्रात हजार वर्षांत साधारण दोन सेंटिमीटर गाळ बसतो आणि तळावरचे किडे वरचा सात-आठ सेंटिमीटरचा थर सतत उकरत असतात. म्हणजे तीन-चार हजार वर्षांची कवचं एकमेकांत मिसळली! तिथे दामाजीपंतांचं शतक वेगळं काढायचं तर अशक्य. ओमानच्या उतारावर थर जाड बसतो, आणि प्राणवायू नसल्याने उकरणारे प्राणीही कमी. ‘मबाहिथ’ला आलेला तो सडका वास म्हणजे नोंद शाबूत असल्याची खूण होती.

प्रयोगशाळेतलं काम मात्र अगदी साधं दिसतं. सेंटिमीटरभर गाळ पाण्यात भिजवायचा, त्रेसष्ट मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर धुवायचा, चिकणमाती वाहून जाऊ द्यायची. उरलेली पांढरी भुकटी वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेल्या काळ्या ताटलीत पसरायची. दोन-चार केसांचा कुंचला ओला करून एकेक कवच उचलायचं आणि जातीनुसार लावायचं. बुलॉइडिस ओळखायला तशी सोपी: शेवटच्या वेटोळ्यात चार फुगीर गोल कप्पे आणि मधोमध मोठं उघडं तोंड. एका नमुन्यातली निदान तीनशे कवचं मोजली की टक्केवारी धरतात. मग पुढचा सेंटिमीटर.

अशा मोजणीतून आयआयटी खरगपूरचे अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी २००३ साली सुमारे आठशे मीटर पाण्याखालच्या एका गाभ्यातून, म्हणजे तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नळकांड्यातून, गेल्या अकरा हजार वर्षांचा आलेख मांडला. हिमयुग सरल्यावरच्या पहिल्या काही हजार वर्षांत नैर्ऋत्य वारा जोरात होता, पुढे तो मंदावत आला. मधेमधे खोल खड्डे आहेत आणि त्यांचा काळ उत्तर अटलांटिकच्या थंडीशी जुळतो. याच तिघांनी आदल्या वर्षी अलीकडच्या शतकांचा तपशील दिला होता. त्यात १६००च्या सुमारास वारा सर्वांत क्षीण दिसतो आणि नंतर चढता.

इथे सोलापूरकराने जरा थांबायला हवं. बुलॉइडिस वाऱ्याबद्दल बोलते. सोलापूरच्या शिवारातल्या पावसाबद्दल थेट बोलत नाही. आपण घाटाच्या पर्जन्यछायेत. जून-जुलैचा वारा महाबळेश्वर भिजवतो आणि आपल्याकडून नुसता वाहत जातो. आपली रब्बीची ज्वारी बरीचशी सप्टेंबरच्या पावसावर, उत्तरा-हस्तावर पेरली जाते आणि तो पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून येतो. जोरदार वाऱ्याच्या वर्षीही मंगळवेढ्याचं माळरान कोरडं राहू शकतं. ‘शिंपल्यांनी दुष्काळ सांगितला’ अशा बातम्या वाचताना हे अंतर विसरलं जातं, आणि ते विसरू नये असं मला कळकळीने वाटतं.

आपल्या मातीच्या जवळची साक्ष देशाच्या दुसऱ्या बाजूला मिळाली. २००६ साली गॅस हायड्रेटच्या, म्हणजे तळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेल्या वायूच्या, शोधासाठी झालेल्या मोहिमेत गोदावरीच्या मुखापुढच्या समुद्रात एक गाभा काढला गेला. २०१२ साली त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात दोन साक्षीदार शेजारीशेजारी तपासले होते: नदीने वाहून आणलेल्या पानांवरचं मेण आणि पृष्ठभागावर राहणाऱ्या ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या फोरॅमिनिफेराची कवचं. मेणावरून खोऱ्यातली झाडोऱ्याची जात कळते. कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, नदीच्या गोड्या पाण्याने समुद्र किती पातळ केला ते कळतं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरडेपण वाढत गेलं आणि रखरखाट सोसणाऱ्या वनस्पती पसरल्या, असा त्याचा निष्कर्ष आहे. मराठवाडा त्या खोऱ्यात येतो. सोलापूर त्याला लागूनच.

या दोन समुद्रांतला फरकही ध्यानात घ्यावा. उपसागरात नद्यांचं गोडं पाणी वर तरंगतं, खालचं पोषक पाणी वर येऊ देत नाही, म्हणून तिथे ओमानसारखी भरभराट होत नाही. उलट नद्यांच्या मातीचे कण प्लवकांच्या अवशेषांना चिकटून वजन देतात आणि ते लवकर तळाला नेतात. त्यामुळे एका समुद्राचं सूत्र दुसऱ्याला जसंच्या तसं लावता येत नाही.

शिवाय हल्लीचा समुद्र स्वतःच बदलतो आहे. आपल्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतोय आणि २००९ साली सोमालियापुढच्या गाळावरच्या एका अभ्यासात रुबरची अलीकडची कवचं जुन्यांपेक्षा हलकी आणि पातळ आढळली. अभ्यासकांनी आम्लीकरणाचं कारण प्रश्नचिन्हासकटच मांडलं, कारण पाणी वर येण्याचा जोर बदलला तरी कवचाची जाडी बदलू शकते.

भीमेचं पाणी उजनीतून सुटून, सोलापूर जिल्हा ओलांडून रायचूरजवळ कृष्णेला मिळतं आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात उतरते. आपल्या शिवारातली काळी माती हजारो वर्षं त्याच वाटेने गेली. कृष्णेच्या मुखापुढच्या उतारावर ती रुबरच्या कवचांबरोबर थराथराने बसलेली असणार. गोदावरीसाठी झालं तसं मेण आणि कवचांचं जोडीने वाचन भीमेच्या खोऱ्यासाठी तिथे बारकाईने व्हावं, आणि ते करणाऱ्यांत सोलापूरची मुलं असावीत.